पहिल्या भरणीचं शेण

रोजच्या शेणाला साठवण लागत नाही. सकाळी गोठा काढला की निम्मं शेण, निम्मं पाणी कालवून टाकीत सोडायचं. खरी पंचाईत नवा गोबरगॅस भरताना होते. २ घनमीटरच्या संयंत्राला दररोज ५० किलो शेण पुरतं, पण पहिल्या भरणीला दोन टनांच्या आसपास लागतं. चार-पाच जनावरांच्या दावणीला म्हणजे महिना-सव्वा महिन्याची जमवाजमव!

तोवर ते उघड्या उकिरड्यावर टाकू नये. उन्हात वरचा थर वाळतो, आतलं कुजत राहतं आणि चुलीत जळायचा मिथेन फुकट हवेत जातो. सावलीत खड्डा घ्यावा, शेण दाबून भरावं, पाणी शिंपडून वर ओली पोती टाकावीत. पावसाचं पाणी आत येऊ देऊ नये. माती आणि कडब्याची चिपाडं निवडून काढण्याचा कंटाळा मात्र भोवतो: माती टाकीच्या तळाशी बसून जागा खाते, चिपाडं वर तरंगून जाड साय धरतात आणि गॅस अडतो. फिनाईलने धुतलेल्या गोठ्याचं पाणी तर नकोच, त्याने जिवाणू मरतात.

शेजाऱ्याच्या चालू संयंत्रातली चार-सहा पिंपं स्लरी विरजण म्हणून मिळाली तर गॅस लवकर धरतो. पहिला गॅस पेटत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो सोडून द्यावा, जवळ काडी न ओढता.