चर्चच्या अग्निसुरक्षेची तपासणी

चर्च, मंदिर, मशीद यांसारखी प्रार्थनास्थळे राष्ट्रीय इमारत संहितेत ‘सभा-इमारती’ या गटात मोडतात, कारण तिथे एकाच वेळी मोठी गर्दी जमते. महाराष्ट्रात आगीपासूनच्या संरक्षणासाठी 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. कळंबसारख्या नगर परिषदेच्या शहरातही तो लागू आहे. अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांची असते. चर्चच्या बाबतीत ती विश्वस्तांवर येते.

यंत्रणेची देखभाल परवानाधारक संस्थेकडूनच करून घ्यावी लागते. यंत्रणा चालू असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचे असते.

तपासणीत अग्निशामक नळकांड्यांचा दाब पाहतात. काटा हिरव्या पट्ट्यात असावा लागतो. धोक्याची घंटा वाजवून पाहतात. बाहेर पडण्याचे दरवाजे उपासनेच्या वेळी कुलूपबंद नसावेत, बाकांमधली वाट मोकळी असावी. मेणबत्त्यांजवळ पडदे व कागदी सजावट नको. नाताळात रोषणाईमुळे विजेचा भार वाढतो, म्हणून वायरिंगची तपासणी त्याआधीच व्हायला हवी. नळकांडे वापरता येणारी माणसे मंडळीत असतील, तरच या तपासणीचा खरा उपयोग होतो.