बटण बंद, प्रेस बंद?
बटण दाबून मशीन बंद केलं की हात घालायला हरकत नाही, ही समजूत साफसफाईच्या वेळी बोटांवर बेतते. पॉवर प्रेसची मोटर बंद झाल्यावरही तिचं जड फ्लायव्हील (गती साठवून ठेवणारं चाक) काही वेळ फिरतच असतं. तेवढ्यात पायाचं पेडल चुकून दाबलं गेलं आणि क्लच गुंतला, तर रॅम (पत्र्यावर दाब देणारा वरचा भाग) खाली येतो. गॅस बंद केला तरी कुकरमध्ये वाफ कोंडलेली असते, तसंच हे. म्हणून मुख्य स्विच पाडून त्याला कुलूप घालतात (लॉकआउट). किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. चाक पूर्ण थांबलं की रॅमखाली आधाराचा ठोकळा ठेवतात. नुसती ‘काम चालू आहे’ ही पाटी पुरत नाही. शिफ्ट बदलल्यावर ती वाचतो कोण? अडकलेला पत्रा काढायचं काम मिनिटभराचं असलं, तरी त्यालाही हे सगळं लागू आहे.