दोन लेकरे, दोन कोट आणि इस्तंबूलची थंडी

दिवाळीच्या सुटीतले काही दिवस शाळेने नाताळाला जोडून दिले, म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही घरची सहा माणसे तुर्कस्तान पाहून आलो. आम्ही दोघे, दीर-जाऊ आणि दोन लेकरे. एक साडेतीन वर्षांची, दुसरा पावणेदोनचा. सोलापूरच्या पोरांनी थंडी ती कितीशी पाहिलेली! त्यामुळे जितके जाड तितके चांगले, असे समजून आम्ही दोघांना गुडघ्यापर्यंतचे फुगीर कोट घेतले. दादी घरी राहणार होत्या. त्यांनी विणलेले दोन पातळ लोकरी स्वेटर मोठ्या बॅगेत मावेनात. त्यांचे मन मोडू नये म्हणून ते हातातल्या पिशवीत कोंबले.

आणि मोठी बॅग विमानातून उतरलीच नाही.

त्या रात्री हातातल्या पिशवीने लाज राखली. दूध सांडेल या भीतीने प्रत्येक लेकराचा एक पूर्ण जोड, दीड दिवस पुरतील एवढे डायपर, तापाचे औषध आणि वजनानुसार किती द्यायचे याची डॉक्टरांची चिठ्ठी तिच्यात होती. ताप मध्यरात्री चढतो आणि परक्या भाषेत औषधाचे दुकान शोधावे लागते, म्हणून हे सामान कधीही मोठ्या बॅगेत टाकू नये. बाळाच्या दुधाला आणि औषधाला विमानतळावर शंभर मिलिलिटरची अट सहसा आड येत नाही, फक्त तपासणीच्या वेळी ते वेगळे काढून दाखवावे.

दुसऱ्या दिवशी महमूतपाशाच्या बाजारात गेलो. स्वस्त कपड्यांसाठी इस्तंबूलची घरे तिथेच जातात. तिथून दोघांना थर्मल आणि वारा-पाऊस अडवणारी पातळ जॅकेटे घेतली. आत थर्मल, त्यावर दादींचा स्वेटर, वर जॅकेट. तीन दिवस पोरे मजेत हिंडली.

तिसऱ्या संध्याकाळी बॅग आली. एवढे पैसे घालून घेतलेले कोट, तेव्हा चौथ्या दिवशी चढवले. तिथे डिसेंबरात पारा दिवसा दहा-अकरा, रात्री पाच-सहा अंश असतो. आकडा घाबरवत नाही. खरा त्रास बॉस्फरसवरून येणाऱ्या वाऱ्याचा आणि थांबून थांबून पडणाऱ्या पावसाचा. शिवाय हॉटेल, दुकाने, ट्राम आतून चांगली तापवलेली. कोटातले धाकटे ट्राममध्ये घामाने भिजले आणि तशाच ओल्या बनियनवर वाऱ्यात उतरले. थर्मल धुवायला टाकल्याने आत सुती बनियन होता, आणि घामाने भिजलेले सूत अंगाला गारवा धरून ठेवते. लोकर ओलसर झाली तरी ऊब देते. त्या रात्री पोर थंडीने कुडकुडत होते, आम्ही दोघी जावा आळीपाळीने छातीशी धरून बसलो. ताप आला नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण रात्रभर तो कोट समोर खुंटीला लटकताना पाहून स्वतःचाच राग येत होता.

कोटाची दुसरी खोड बुरसाला जाताना भाड्याच्या गाडीत कळली. फुगीर कोटावरून मुलांच्या सीटचा पट्टा घट्ट वाटतो, पण तो कापूस दाबला जाऊन पट्टा सैल राहतो. गाडीत कोट काढायचा, पट्टा आवळायचा आणि वरून शाल पांघरायची. त्याच गाडीने पुढे उलुदागच्या बर्फात मात्र कोटांनी चांगले काम दिले, एवढे मान्य करायला हवे.

बुटांचे वेगळेच. सुलेमानिया, सुलतान अहमद, जिथे जाल तिथे दाराशी बूट काढून पिशवीत घ्यायचे. लेस सोडता-बांधता जमात निघून जाते; चिकटपट्टीचे बूट घ्यावेत, तेही बोटभर मोठे. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की पाय उलट गार पडतात. पावसात दारातले दगड ओले, म्हणून मुलांचे कोरडे मोजे आमच्या खिशातच असत. मोठ्यांनी चामडी मोजे न्यावेत. मुसाफिराला तीन दिवस तीन रात्री मसहची सवलत आहे, आणि तिथल्या वजूच्या नळांखाली पाय धरल्यावर या सवलतीची किंमत कळते.

हातमोजे दोऱ्याने जोडून कोटाच्या बाह्यांतून ओवा. आमचा एक गलाता पुलावर राहिला. ढकलगाडी नेली होती. चढ-उताराच्या दगडी गल्ल्यांत तीच आम्हाला उचलावी लागली. कडेवर बांधायची झोळी पुरली असती.

कोट आता कपाटात आहेत, पुढच्या हिवाळ्यात दोघांनाही व्हायचे नाहीत. स्वेटर मात्र दादींनी उसवून मोठ्या मापाचे विणायला घेतले आहेत.