विरळ कडवळ मोडायचं की राखायचं?

पेरणी साधली तर सगळेच शहाणे. पेरणी फसली की मग खरा प्रश्न उभा राहतो. ऊस, डाळिंब, कांदा यांच्या फसलेल्या पिकाबद्दल विचारायला माणसं तालुक्याला येतात. पण चाऱ्याचा तुकडा विरळ उगवला तर कोणी विचारत नाही. "कडवळच हाय, येईल तेवढं येईल," असं म्हणून सोडून देतात. आणि दिवाळीनंतर तोच माणूस दीडपट भावानं कडबा विकत आणतो. म्हणून आज फक्त चाऱ्याबद्दल लिहितो आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही सांगायची आहे.

गोष्ट २०२३ सालची, सांगोला तालुक्यातली. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पुढं ऑक्टोबरअखेर राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात सांगोला होता. त्या खरिपात एका मावशींनी आषाढी झाल्यावर आठ दिवसांनी २० गुंठे कडवळ पेरलं होतं. घरात दोन गायी, दूध डेअरीला, आठवड्याच्या बिलावर प्रपंच. पेरल्यावर एक पाऊस झाला, निम्मं बी उगवलं आणि नंतर पावसानं जी दडी मारली ती मारलीच. ऑगस्टच्या मध्यावर मी बांधावर गेलो तेव्हा पीक गुडघ्याच्या खाली, पानं सुरळी झालेली.

मावशी म्हणाल्या, "सायेब, नांगर घालू का?" मी म्हटलं, "मोडू नका. ज्वारी दम धरते. पाऊस आला की उठेल. तेव्हा थोडा युरिया टाका." सल्ला चुकीचा नव्हता. पण अर्धा होता. राहिलेला अर्धा पुढं सांगतो.

आधी मोजा, मग ठरवा

बांधावर उभं राहून पाहिलं तर विरळ पीक आहे त्यापेक्षा दाट दिसतं, आणि मधे चालत गेलं की आहे त्यापेक्षा विरळ वाटतं. म्हणून मोजावं. मीटरभर लांबीची काठी घ्या. शेतात आडवे-तिडवे फिरून दहा ठिकाणी ती ओळीला लावून ठेवा आणि तेवढ्या लांबीतली जिवंत रोपं मोजा. चांगली जागा निवडायची नाही, काठी पडेल तिथं मोजायचं.

३० सेंटीमीटरवर पाभरीनं पेरलेल्या चाऱ्याच्या मक्यात (एकरी ३० किलो बी) मीटरला ७-८ रोपं हवीत. कडवळात (एकरी १६ किलो बी) ३० च्या आसपास हवीत. माझा हिशोब साधा आहे. पूर्ण संख्येच्या दोन तृतीयांश रोपं असतील तर पीक राखा, फक्त मोठे नांगे भरा. निम्म्याच्या आसपास असतील तर राखा आणि मधे दुसरं लवकर येणारं पीक घाला. एक तृतीयांशाहून कमी असतील तर मोह सोडा आणि मोडा. तण आणि पीक सारखंच दिसायला लागलं असेल तर तण जिंकलं असं समजा.

निम्मं पीक म्हणजे काही नाही, असं मात्र समजू नका. पाण्याची साथ असेल तर कडवळाचा हिरवा चारा एकरी १६ ते २० टन निघतो, म्हणजे २० गुंठ्यांत ८ ते १० टन. त्याचं निम्मं धरलं तरी ४ टन झाले. दोन गायींना रोज प्रत्येकी २० किलो हिरवा चारा धरला तर तो १०० दिवस पुरतो. मोडण्याआधी एवढं गणित जरूर करा.

का उगवलं नाही, ते उकरून पाहा

कारण न शोधता दुबार पेरणी केली तर तेच पुन्हा होतं. उगवण नसलेल्या जागी खुरप्यानं चार-पाच ठिकाणी उकरा.

बी जसंच्या तसं कोरडं सापडलं तर ओल कमी पडली. ते अजून जिवंत असू शकतं, पावसाची वाट पाहा. बी फुगून कुजलेलं असेल तर पाणी साचलं. कोंब निघून आतच वाकडा झाला असेल तर जोराच्या पावसानंतर ऊन पडून जमिनीनं पापडी धरली, किंवा बी फार खोल गेलं. पापडी ओली असतानाच हलका दाताळ किंवा काट्याची फांदी फिरवली तर पुष्कळ कोंब वर येतात. वाळल्यावर ती फोडायला गेलं तर कोंबच मोडतात.

यातलं काहीच नसेल तर बियाण्यावर संशय घ्या. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहा. पिशवी, लेबल आणि पावती फेकू नका. तक्रार करायची तर उरलेलं थोडं बी आणि पावती दोन्ही लागतात.

राखायचं तर असं राखा

नांगे भरायचे तर उगवणीनंतर ८-१० दिवसांच्या आत. त्यानंतर टोकलेलं बी जुन्या रोपांच्या सावलीत अडकतं आणि कापणीला त्याची काडीही हाती लागत नाही. मक्याचं बी रात्रभर भिजवून ओलीत टोकावं. मोठ्या नांग्यात चवळी टाका. चवळी ५५-६० दिवसांत येते, जमीन झाकते, तण दाबते आणि चाऱ्यातली प्रथिनं वाढवते.

पाणी साचून पीक पिवळं पडलं तर लगेच युरियाची पिशवी फोडू नका. मुळं गुदमरलेली असतात, दिलेलं खत वाहून जातं. २०२५ च्या सप्टेंबरात सीनाकाठच्या गावांत पाणी शिरलं तेव्हा पहिलं काम चर काढून पाणी बाहेर घालवण्याचं होतं. वाफसा येईपर्यंत १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया मिसळून फवारणी करावी आणि वाफशावर खत जमिनीतून द्यावं. चुनखडीच्या रानात नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता आहे. तिथं १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस मिसळून फवारा.

मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी बघत राहा. ही अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये आपल्या देशात आली आणि आता दर हंगामाला असते. ताणातून उठलेलं विरळ पीक ती लवकर फस्त करते. चाऱ्याच्या मक्यावर जहाल औषध मारून तोच मका गायीपुढं टाकायचा नाही. लहान अळी असतानाच निंबोळीवर आधारित १५०० पीपीएमचं औषध लिटरला ५ मिली घेऊन पोंग्यात फवारा.

मोडायचं तर मागं काय पेरायचं?

जुलैचा मध्य उलटल्यावर खरिपात पुन्हा ज्वारीच पेरू नका. उशिराच्या ज्वारीवर खोडमाशी तुटून पडते आणि पोंगे वाळतात. पेरायचीच झाली तर बी जास्त वापरा. त्यापेक्षा हलक्या रानात चाऱ्याची बाजरी बरी. एकरी ४ किलो बी लागतं आणि ४५-५० दिवसांत कापणी येते. पाणी असेल तर आफ्रिकन टॉल मका, दोन ओळी मका आणि एक ओळ चवळी. ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडला तर ओट पेरा, एकरी ४० किलो. पहिली कापणी ५०-५५ दिवसांत घेऊन पाणी दिलं की ओट पुन्हा फुटतो.

लसूणघास आणि नेपिअर

घासाची गोष्ट वेगळी. वर्षाच्या आतला घास विरळ झाला असेल तर थंडीत बी टाकून नांगे भरता येतात. पण दोन-तीन वर्षांच्या जुन्या घासात नवं बी टाकून पैसे घालवू नका. जुन्या घासाच्या पानांतून आणि मुळांतून निघणारी द्रव्यं घासाच्याच नव्या रोपांना वाढू देत नाहीत. अशा वाफ्यात ओट टाकून ते वर्ष काढावं आणि घास दुसऱ्या रानात नव्यानं लावावा, एकरी १० किलो बी, जीवाणूसंवर्धक चोळून. बी घेताना अमरवेलाचं बी त्यात नाही ना, एवढं पाहा. पिवळे दोरे दिसले की तेवढा भाग घासासकट कापून शेताबाहेर जाळा.

संकरित नेपिअरमध्ये नांगे पडले तर दोन डोळ्यांच्या काड्या लावत बसू नका. मोठ्या ठोंबांच्या सावलीत त्या दबतात. जोमदार ठोंब फोडून मुळासकट लावा आणि शेजारच्या ठोंबांची कापणी करून उजेड मोकळा करा.

राहिलेला अर्धा सल्ला

आता मावशींकडं परत येऊ. सप्टेंबरात दोन सरी पडल्या. कडवळ खरंच उठलं, बुडातून हिरवेगार फुटवे आले. मावशींनी मी सांगितल्याप्रमाणं युरिया टाकला. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन पाट्या कापून उपाशी गायींपुढं टाकल्या. महिनाभर वाळल्या काडीवर काढलेल्या गायी, त्यांनी घाईनं खाल्लं. अर्ध्या तासात एक गाय धापा टाकायला लागली, तोंडाला फेस आला, खाली पडली. डॉक्टर येईपर्यंत गेली. दुसरी त्यांच्या इंजेक्शनानं वाचली.

गाय किरळ लागून गेली. कोवळ्या, ताण बसलेल्या ज्वारीत आणि पावसानंतरच्या नव्या फुटव्यात धुरीन नावाचं द्रव्य असतं. जनावराच्या पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही. म्हणून हिरड्या लालभडक दिसतात आणि जनावर गुदमरतं. युरियानं हे विष आणखी वाढतं. मावशी मला म्हणाल्या, "दोन महिनं झालं हुतं की ओ पेरून." खरं होतं. ५० दिवसांनंतर चालतं, असं आपणच सांगत आलो. पण ताणातलं पीक दिवसांवर मोजायचं नसतं, वाढीवर मोजायचं असतं. पीक मोडू नका, एवढं मी सांगितलं. निम्मं फुलावर येईपर्यंत जनावराला घालू नका, हे सांगायचं राहिलं. त्या घरातलं निम्मं दूध त्या एका वाक्यापायी गेलं. तेव्हापासून मी हे वाक्य आधी सांगतो.

तर लक्षात ठेवा. ताण बसलेलं कडवळ निम्मं फुलोऱ्यात आल्याशिवाय कापू नका. कापलेल्या किंवा वाळलेल्या ज्वारीच्या बुडख्यातून फुटलेल्या रानात जनावरं सोडू नका. नड असेल तर कापून उन्हात चांगलं वाळवा, किंवा मुरघास करा, विष पुष्कळ कमी होतं. तरी उपाशी पोटी देऊ नका. आधी कडबा, मग थोडं हे.

मका, बाजरी आणि नेपिअर यांचा धोका वेगळा. ताणाच्या काळात, विशेषतः युरिया दिलेला असेल तर, त्यांच्या ताटाच्या खालच्या भागात नायट्रेट साठतं. वाळवल्यानं नायट्रेट कमी होत नाही, मुरघासात काही प्रमाणात होतं. पाऊस पडल्यावर निदान आठवडाभर थांबून, बुडखा उंच ठेवून कापा. या विषबाधेत रक्त तपकिरी, चॉकलेटी दिसतं. दोन्ही विषबाधांची औषधं वेगळी आहेत, एकीचं औषध दुसरीला घातक ठरू शकतं. म्हणून डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा की जनावरानं काय खाल्लं आणि त्याला युरिया कधी दिला. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन लावा. घरगुती उपायात मिनिटं घालवू नका.

गावानं काय करावं?

ज्यांना आपण अजूनही तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामसेवक म्हणतो, त्यांना एक विनंती. नुकसानीची पाहणी करताना चाऱ्याचा तुकडा "किरकोळ" म्हणून सोडू नका. २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याच्या हातात आली आहे. तिच्यात कडवळ, मका, घास यांची नोंद करायला शेतकऱ्यांना सांगा. कागदावर चारा नसेल तर टंचाईत गावाला किती चारा कमी पडतो हे कोणी कशावरून ठरवणार? सरपंचांनी सप्टेंबरच्या ग्रामसभेत दोन आकडे मांडावेत. गावात जनावरं किती आणि उभा चारा किती. तूट तेव्हा कळली तर ओट आणि मका पेरायला वेळ असतो. जानेवारीत कळली तर फक्त छावणीची वाट बघणं उरतं.

त्या मावशींनी दुसऱ्या वर्षी पुन्हा दुसरी गाय घेतली, कर्ज काढून. यंदा त्यांच्या बांधावर गेलो तर कडवळाच्या कडेला चवळी होती आणि गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं होतं, "फूल आल्याबिगर कापू नये." नातवाकडून लिहून घेतलं म्हणाल्या. ज्यांच्या गोठ्यात कडवळ जातं, त्या प्रत्येकानं आपल्या भिंतीवर तेवढी एक ओळ लिहून घ्यावी.