बर्थ नंबर आणि प्रवासी : कंपनीच्या नेटवर्कमध्ये कुणाला आत सोडायचं?

मागच्या व्याख्यानात आपण फायरवॉल पाहिली. कंपनीच्या नेटवर्कच्या दारात बसवलेली ही यंत्रणा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटच्या पाच गोष्टी बघते: कुठल्या आयपी पत्त्यावरून आलं, कुठल्या पत्त्याकडे चाललं, दोन्हीकडचे पोर्ट नंबर आणि प्रोटोकॉल. नियमात बसलं तर सोडायचं, नाहीतर अडवायचं. या पाचांत माणूस मात्र कुठेच नाही. आज आपण त्याच्याबद्दल बोलू.

समजा, आपण मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसने नागपूरला निघालोय. टीसी आला आणि "३२ नंबरवर कुणीतरी आहे ना? मग ठीक" एवढंच बघून पुढे गेला. भुसावळला खरा प्रवासी उतरला, दुसराच कुणी तिथे येऊन झोपला, तरी टीसीच्या लेखी सगळं ठीकच. आयपी पत्ता हा असा बर्थ नंबर आहे. तो जागा सांगतो, जागेवर कोण आहे ते सांगत नाही.

पूर्वी यावर काम भागायचं. टेबल ठरलेलं, टेबलावरचा संगणक ठरलेला, त्याचा पत्ताही ठरलेला. "१०.२०.५ ने सुरू होणारे पत्ते म्हणजे अकाउंट्स" असा नियम लिहिला की झालं. मग लॅपटॉप आले, वायफाय आलं, पत्ते गरजेप्रमाणे वाटले जाऊ लागले. अकाउंट्सच्या बाई कॉन्फरन्स रूममध्ये जाऊन बसल्या की त्यांना पगाराचं सॉफ्टवेअर उघडेना. आणि त्यांच्या टेबलाशी कुणा पाहुण्याने केबल जोडली, तर त्याला सर्व्हरपर्यंतची वाट मोकळी!

आम्ही स्वतः असे नियम साफ करायला बसलो आहोत. एका नियमासमोर शेरा होता, "तात्पुरता, ऑडिटसाठी". ऑडिट संपून किती काळ लोटला होता, कोण जाणे. तो पत्ता आता कुणाकडे आहे हे कुणालाच सांगता येईना, आणि नियम काढायलाही कुणी धजेना. न जाणो, काहीतरी बंद पडलं तर?

ओळख आणायची कुठून, याचा एक मार्ग म्हणजे अगदी भिंतीतल्या सॉकेटपाशीच विचारायचं. २००१ साली आलेलं ८०२.१एक्स हे मानक तेच करतं. तुम्ही केबल लावता, पण स्विचचं पोर्ट बंदच राहतं. ओळख पटवण्यापुरतं बोलणं तेवढं आत जातं. स्विच स्वतः काही ठरवत नाही. तो रेडियस सर्व्हरला विचारतो, रेडियस कंपनीच्या डिरेक्टरीत बघतो, आणि उत्तर येतं: हो, यांना सोडा, आणि अकाउंट्सच्या व्हीलॅनमध्ये ठेवा.

दुसरा मार्ग, फायरवॉललाच नावं शिकवायची. सकाळी बाईंनी लॉगिन केलं, त्याची नोंद डिरेक्टरी सर्व्हरवर पडली. फायरवॉल ती नोंद वाचते आणि मनाशी जोडी लावते: हा पत्ता म्हणजे या बाई. आता नियम पत्त्यांचा राहत नाही. "अकाउंट्स गटातल्यांना पगाराचा सर्व्हर", इतका साधा होतो. पण नीट बघा, हा अजूनही अंदाजच आहे. बाई घरी गेल्या, पत्ता दुसऱ्याला मिळाला आणि जोडी जुनीच राहिली, की आलं परत भुसावळ! शिवाय टर्मिनल सर्व्हरवर चाळीस माणसं एकाच पत्त्यामागून काम करतात, तिथे नाव कुणाचं लावणार? तिथे त्या सर्व्हरवर वेगळा एजंट बसवावा लागतो.

गूगलने यापुढचं पाऊल टाकलं. आपल्या यंत्रणेत हल्लेखोर शिरल्याचं त्यांनी जानेवारी २०१० मध्ये जाहीर केलं होतं. त्यानंतर त्यांनी 'बियाँडकॉर्प' ही रचना उभी केली आणि डिसेंबर २०१४ मध्ये तिच्यावर पहिला लेख प्रसिद्ध केला. कल्पना अशी, की ऑफिसच्या आत आहात म्हणून तुमच्यावर विश्वास नाही. प्रत्येक विनंती एका प्रॉक्सीतून जाणार. तिथे माणूस कोण, लॅपटॉप कंपनीच्या नोंदीतला आहे का, त्याचं प्रमाणपत्र खरं आहे का, हे सगळं बघून त्या एका अ‍ॅप्लिकेशनपुरता निर्णय होणार. ऑफिस असो की विमानतळ, चाळणी तीच.

इथे टाळ्या वाजवायचा मोह होतो. पण ओळखीवर दार उघडायचं ठरवलं, की सगळा भार ओळखींच्या यादीवर येतो, आणि ती यादी बहुतेक ठिकाणी फायरवॉलच्या नियमांइतकीच जुनाट असते. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन बंद पडली. पूर्व किनाऱ्याचं जवळजवळ निम्मं इंधन नेणारी ही वाहिनी. हल्लेखोर शिरले ते व्हीपीएनच्या एका जुन्या खात्यातून. ते खातं वापरात नव्हतं, पण बंदही केलेलं नव्हतं, आणि त्याला फक्त पासवर्ड पुरत होता, दुसरी कुठलीच खातरजमा नव्हती. संसर्ग पसरू नये म्हणून कंपनीने वाहिनी स्वतःच थांबवली, आणि ४४ लाख डॉलरच्या आसपास खंडणीही दिली. दाराने नाव विचारलं होतं, नाव यादीत होतं, पासवर्ड बरोबर होता. त्या नावामागे माणूस उरला नव्हता, एवढंच. म्हणून आमचं मत असं, की नवी फायरवॉल घेण्याआधी एचआर आणि आयटी यांना एका टेबलाशी बसवा. माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी एचआरकडून निरोप जातो का, खातं किती तासांत बंद होतं, आणि बदली झालेल्याचे जुने हक्क कोण काढतं, हे आधी ठरवा.

मागून एक प्रश्न आलाय: "प्रिंटर आणि कॅमेरे पासवर्ड टाकत नाहीत, त्यांची ओळख कशी?" चांगला प्रश्न. ज्या उपकरणात प्रमाणपत्र घालता येतं, त्यात ते घालायचं. इतरांना बरेच जण मॅक पत्त्यावरून ओळखतात, पण तो पत्ता उपकरणावर लेबलवर छापलेला असतो आणि कुठल्याही लॅपटॉपला तो सहज लावता येतो. तेव्हा ती ओळख कच्चीच धरायची. कॅमेऱ्यांसाठी वेगळा कप्पा करा आणि त्यातून फक्त रेकॉर्डरपर्यंतच वाट ठेवा. मग कुणी कॅमेऱ्याचं सोंग घेऊन आत आलाच, तरी त्याच्यापुढे एकटा रेकॉर्डर असेल.