'इंडोलन्स' म्हणजे आळस, पण मूळ अर्थ वेगळाच!

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, इंग्रजीत आळसाला लेझीनेस, स्लॉथ असे बरेच शब्द आहेत. आज त्यातला 'इंडोलन्स' समजून घेऊ या.

हा शब्द मूळचा लॅटिन. 'इन' म्हणजे नाही आणि 'डोलेरे' म्हणजे दुखणे. थोडक्यात, काहीच दुखत नाही अशी अवस्था! १७ व्या शतकात इंग्रजीत तो याच अर्थाने वापरत. पुढे १८ व्या शतकात 'कष्ट टाळून सुखात पडून राहणे', म्हणजेच आळस, हा अर्थ रूढ झाला. डॉक्टर मात्र आजही न दुखणाऱ्या, हळू वाढणाऱ्या गाठीला 'इंडोलंट' म्हणतात.

आता आपल्या वर्गात बघा. परभणी जिल्ह्यात कापूस वेचणीच्या दिवसांत एखादं लेकरू वर्गात पेंगतं. आपण पटकन म्हणतो, "आळशी आहे." पण ते पहाटेच रानात जाऊन आलेलं असेल, त्याची पाठ दुखत असेल. मग 'दुखत नाही' हा शब्द त्याला कसा लागू होईल?

म्हणून हा शब्द फळ्यावर लिहा, त्याची फोड मुलांना सांगा. आणि कुणाला आळशी म्हणण्याआधी एकदा जवळ बसून विचारा, "बाळा, कुठं दुखतंय का?"