पाकीट बंद, पण कोणाच्या हाती?

भारतात पोस्टकार्ड सुरू झाले ते १८७९ साली. तेव्हापासून कोणती गोष्ट कार्डावर लिहावयाची आणि कोणती पाकिटात घालावयाची, हा विवेक आपल्या घरोघरी न शिकविता आला. खुशाली, पाऊसपाणी, पाहुणे येण्याची तारीख ही कार्डावर. सोयरिकीची बोलणी, कर्जाची निकड, लेकीच्या सासरची कुरबूर ही पाकिटात. कार्ड टपालवाला वाचतो, शेजारीही वाचतो, हे सर्वांस ठाऊक होते आणि त्यात कोणास फारसे वावगेही वाटत नसे. कारण काय उघडे ठेवावयाचे आणि काय झाकावयाचे, हे लिहिणारा स्वतः ठरवीत असे. आज आपण मोबाईलवरून दिवसभर काही ना काही पाठवीत आणि मागवीत असतो. परंतु त्यांतले कार्ड कोणते व पाकीट कोणते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. नेमक्या याच संभ्रमावर 'व्हीपीएन घ्या आणि निर्धास्त व्हा' अशा जाहिरातींचा व्यापार चालतो. म्हणून हे प्रकरण काय आहे, ते वाचकांनी एकदा स्वस्थपणे समजून घ्यावे.

प्रथम एक दिलासा देणारी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण जाहिराती ती सहसा सांगत नाहीत. पंधराएक वर्षांपूर्वी इंटरनेटवरील बराचसा मजकूर खरोखरीच पोस्टकार्डासारखा उघडा प्रवास करीत असे. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर नावाच्या एका अमेरिकन संगणकतज्ज्ञाने 'फायरशीप' हे लहानसे साधन सर्वांना खुले करून दिले. उपाहारगृहातील खुल्या वायफायवर बसलेल्या अनोळखी माणसाच्या फेसबुक खात्यात त्याच्या साहाय्याने कोणालाही शिरता येत असे. त्यासाठी संगणकाचे विशेष ज्ञान लागत नव्हते. बटलर यांचा हेतू चोरी शिकविण्याचा नव्हता, तर मोठमोठ्या कंपन्या आपल्या दाराला कुलूप लावीत नाहीत हे जगाला दाखविण्याचा होता. तो पुष्कळसा साधला. पुढे डिसेंबर २०१५ पासून 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था संकेतस्थळांना कुलपाचे प्रमाणपत्र सर्वांसाठी विनामूल्य देऊ लागली, आणि आज पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' ही अक्षरे नसलेले संकेतस्थळ क्वचितच आढळते. या अक्षरांचा अर्थ असा की, आपण लिहिलेला मजकूर सांकेतिक लिपीत रूपांतरित होऊन जातो व वाटेतल्या कोणालाही तो वाचता येत नाही. आपला बँकेचा परवलीचा शब्द अशा पाकिटातूनच जातो, मग व्हीपीएन असो वा नसो.

तथापि पाकीट कितीही घट्ट चिकटविले तरी पत्ता बाहेरच लिहावा लागतो. आपल्याला इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला मजकूर दिसत नाही. पण कोणत्या संकेतस्थळाकडे, किती वाजता आणि किती वेळ आपले जाणे-येणे झाले, हे बहुधा दिसते. पत्त्यात काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. क्षणभर विचार करावा. एका घरातून रात्री दोन वाजता कर्करोगाच्या रुग्णालयाचे संकेतस्थळ उघडले गेले, त्यानंतर विमा कंपनीचे, त्यानंतर सोने तारण ठेवून घेणाऱ्या पेढीचे. आतले एक अक्षरही न वाचता त्या घरावर काय ओढवले आहे, हे सांगता येणार नाही काय?

हे पत्ते झाकण्याचे काम व्हीपीएन करते. त्याची रीत टपालाच्याच भाषेत सांगतो. समजा, आपल्याला सांगलीहून दिल्लीस पत्र पाठवावयाचे आहे, पण ते दिल्लीस जात आहे हे सांगलीच्या टपालकचेरीस कळू द्यावयाचे नाही. आपण ते बंद पाकीट आणखी एका मोठ्या पाकिटात घालतो आणि त्यावर नागपूरच्या एका आडत्याचा पत्ता लिहितो. सांगलीस एवढेच कळते की, हे गृहस्थ नागपूरला पत्रे पाठवितात. नागपूरचा आडत्या बाहेरचे पाकीट फोडतो, आतले काढून दिल्लीस रवाना करतो. दिल्लीकरास त्यावर शिक्का दिसतो तो नागपूरचा. उत्तर याच मार्गाने उलट येते. मोबाईलवर व्हीपीएन चालू केले की हा सारा व्यवहार निमिषार्धात घडतो. आडत्याच्या जागी असतो त्या कंपनीचा सर्व्हर, आणि आपल्या आयपी पत्त्याऐवजी, म्हणजे जोडणीला मिळालेल्या क्रमांकाऐवजी, समोरच्यास त्या सर्व्हरचा क्रमांक दिसतो.

आता चतुर वाचकाच्या ध्यानात आलेच असेल की, सांगली अंधारात राहिली, दिल्लीही अंधारात राहिली; पण नागपूरच्या आडत्यास दोन्ही टोके ठाऊक झाली. जे पूर्वी आपल्या इंटरनेट कंपनीला दिसत होते, तेच आता व्हीपीएन कंपनीला दिसते. पाहणारा नाहीसा होत नाही, तो बदलतो.

येथे भाषांतराच्या धंद्यातील माणसाला एक गोष्ट नमूद केल्याखेरीज राहवत नाही. व्हीपीएन या तीन अक्षरांचा अर्थ 'आभासी खाजगी जाळे' असा करतात. त्यांतील 'खाजगी' हे विशेषण जाळ्याचे आहे, ते वापरणाऱ्या माणसाचे नव्हे. मोठ्या कंपन्यांना दूरदूरच्या कचेऱ्यांतील संगणक परस्परांशी जोडण्यासाठी पूर्वी स्वतंत्र तारा भाड्याने घ्याव्या लागत आणि त्यांचा खर्च भारी पडे. सार्वजनिक इंटरनेटमधूनच एक बंदिस्त बोगदा काढला तर तोच कार्यभाग स्वस्तात होतो, या विचारातून गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ही पद्धती जन्मास आली. खाजगी रस्ता म्हणजे ज्यावर मालकाची माणसे जातात तो रस्ता. तेथे मालक पाहत नाही, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत पुणे, हैदराबाद, बंगळूर येथील असंख्य घरांतील जेवणाची मेजे कचेऱ्या झाली, तेव्हा हे साधन मूळ स्वरूपातच घरात आले. आपल्या मुलाच्या वा सुनेच्या कचेरीच्या लॅपटॉपवर ते चालू असेल, तर त्यावरून घरातील वैद्यकीय अहवाल अथवा बँकेची कामे करू नयेत. तो रस्ता कचेरीचा आहे.

बाजारात घरगुती उपयोगासाठी म्हणून विकले जाणारे व्हीपीएन मात्र 'खाजगी' या शब्दाचा दुसराच अर्थ लावून विकले जाते. मग आडत्या कोण, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो. फेसबुकने २०१३ मध्ये 'ओनाव्हो' ही इस्रायली कंपनी विकत घेतली. तिचे व्हीपीएन फुकट मिळत असे, आणि ते आपल्या माहितीचे रक्षण करते असे त्याच्या जाहिरातीत सांगितले जाई. वस्तुतः लोक कोणती ॲप किती वेळ वापरतात, ही माहिती त्याच वाटेने फेसबुककडे जमा होत होती आणि प्रतिस्पर्धी कोण वर येत आहे हे ताडण्यास ती उपयोगी पडत होती. ब्रिटिश संसदेच्या एका समितीने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांत हा हिशेब जगाने पाहिला. २०१९ मध्ये हे ॲप बंद झाले, आणि जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने दिशाभूल केल्याबद्दल संबंधित दोन कंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. ज्यांनी पाळत चुकविण्यासाठी हे साधन घेतले, त्यांच्यावर त्याच साधनातून पाळत राहिली होती!

हे एकच उदाहरण आहे असे समजू नये. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या सरकारी संस्थेच्या संशोधकांनी इतर विद्यापीठांच्या सहकार्याने २०१६ मध्ये अँड्रॉइड फोनवरील २८३ व्हीपीएन ॲप तपासली. त्यांपैकी १८ टक्के ॲप मजकूर सांकेतिक करीतच नव्हती. ७५ टक्क्यांत वापरणाऱ्याचा माग काढणारी परकी साधने जोडलेली होती. ३८ टक्क्यांत घातक प्रणालीची चिन्हे आढळली. हे आकडे जुने आहेत आणि त्यानंतर काही सुधारणाही झाली असेल. परंतु सर्व्हर चालविण्यास रोकड पैसा लागतो, आणि जो तो आपल्याकडून घेत नाही तो दुसऱ्या कोणाकडून तरी घेत असला पाहिजे, हा किराणा दुकानातला हिशेब जुना होत नाही.

कायद्याविषयीही गैरसमज पुष्कळ आहेत. भारतात व्हीपीएन वापरण्यास सर्वसाधारणपणे बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाने रक्षिलेला मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला, हे येथे स्मरावे. दुसऱ्या बाजूस, संगणकसुरक्षेचे काम पाहणाऱ्या 'सर्ट-इन' या शासकीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी असे निर्देश काढले की, व्हीपीएन पुरविणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पडताळलेला पत्ता, संपर्क, दिलेले आयपी क्रमांक आणि सेवा घेण्याचे कारण ही माहिती, ग्राहक सोडून गेल्यावरही, पाच वर्षे जतन करावी. कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ठेवलेल्या व्हीपीएनला हा नियम लागू नाही. गुन्ह्याचा तपास करताना मागच मिळू नये ही अडचण खरी आहे, आणि ज्याने कोणताही गुन्हा केला नाही त्याची नोंद पाच वर्षे पडून राहावी काय, ही शंकाही तितकीच खरी आहे. या निर्देशांनंतर एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क, प्रोटॉन या परदेशी कंपन्यांनी त्याच वर्षी आपले भारतातील सर्व्हर काढून घेतले. आडत्याने नागपुरातले दुकान मोडून सिंगापुरास थाटावे, तसा हा प्रकार झाला. शिवाय जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत २०२५ साली जिल्हाधिकाऱ्यांनी काही मुदतीपुरती व्हीपीएनवर बंदी घातली होती. प्रवासास जाणाऱ्यांनी स्थानिक आदेशाची चौकशी करणे बरे.

ज्यांची मुले नोकरीनिमित्त दुबई-अबुधाबीस आहेत, त्यांनी एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून बोलण्यास वर्षानुवर्षे अटकाव राहिला आहे. त्यामुळे 'एक ॲप टाकून घे, म्हणजे रोज बोलता येईल' असा आग्रह इकडून आई-वडीलच प्रेमापोटी धरतात. तेथील २०२१ च्या सायबर कायद्यानुसार, गुन्हा करण्यासाठी अथवा तो उघडकीस येऊ नये यासाठी खोटा आयपी पत्ता वापरल्यास कैद किंवा पाच ते वीस लाख दिरहमपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. व्हीपीएन बाळगणे हाच तेथे गुन्हा आहे असे नव्हे. पण बंदी असलेली सेवा त्या मार्गाने वापरणे नोकरीवर गेलेल्या मुलाने अंगावर घ्यावे, इतके ते क्षुल्लक नाही. तेथे मान्यता असलेली ॲप वापरावी.

व्हीपीएनने काय होत नाही, हेही पाहू. आपण गूगलमध्ये वा फेसबुकमध्ये आपल्या नावाने प्रवेश केला, की आपण कोण हे त्यांस कळतेच. बुरखा घेऊन दुकानात जावे आणि काउंटरवर नाव सांगावे, त्यातली ही गत. स्वतःस पोलीस अधिकारी म्हणविणारा कोणी दृक्-कॉलवर 'डिजिटल अरेस्ट'चा धाक घालील, अथवा गोड बोलून ओटीपी काढून घेईल, तर तेथे व्हीपीएन काडीइतकेही कामास येत नाही. अशा वेळी तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. बँकेचे ॲप उघडताना तर व्हीपीएन बंद केलेलेच सोयीचे. सांगलीचे खातेदार एकाएकी नेदरलँड्समधून आल्यासारखे दिसले, तर बँकेची यंत्रणा सावध होऊन व्यवहार अडवू शकते.

आणि एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे पुष्कळ घरांत एकच फोन तिघे-चौघे वापरतात. एखाद्या मुलीला पाळीच्या तक्रारीविषयी वाचावयाचे असते, एखाद्या सुनेला कायद्याचा सल्ला शोधावयाचा असतो. त्यांना संकोच वाटतो तो इंटरनेट कंपनीचा नव्हे, घरातल्याच माणसांचा. तेथे व्हीपीएनचा उपयोग नाही; कोणती पाने उघडली याची नोंद फोनमध्येच राहते. त्यासाठी ब्राउझरमधील 'इन्कॉग्निटो' म्हणतात ती खिडकी आहे. ती बंद करताच पाहिलेल्या पानांची यादी त्या ब्राउझरमध्ये उरत नाही. उतरवून घेतलेल्या फाइली मात्र उरतात. आणि ही खिडकी घरापुरतीच आहे. बाहेरच्या रस्त्यावर ती काहीच झाकीत नाही.

मग घ्यावे कोणी? वसतिगृह, हॉटेल, रेल्वे स्थानक अशा परक्या वायफायवर ज्यांना वारंवार काम करावे लागते, बातमीसाठी नाजूक ठिकाणी चौकशी करणारे पत्रकार, आपल्या वाचनाचा माग इंटरनेट कंपनीकडेही राहू नये असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी अवश्य घ्यावे. घरच्या जोडणीवरून वीजबिल भरणाऱ्यास आणि भजने ऐकणाऱ्यास त्यावाचून काही अडत नाही. घ्यावयाचे तर कंपनीचा मालक कोण व ती कोणत्या देशाची हे उघड लिहिलेले असावे, तिची तपासणी त्रयस्थ संस्थेने करून अहवाल प्रसिद्ध केलेला असावा, आणि 'वायरगार्ड' किंवा 'ओपनव्हीपीएन' यांसारखी कोणासही पारखता येईल अशी खुली पद्धती तीत वापरलेली असावी. जोडणी मध्येच तुटली तर फोन काही न बोलता पुन्हा उघड्या रस्त्याने जाऊ लागतो. म्हणून पुष्कळशा अँड्रॉइड फोनांत व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये, ते सतत चालू ठेवण्याची आणि त्यावाचून कोणतीही जोडणी होऊ न देण्याची, अशा दोन कळी दिलेल्या असतात; त्या दोन्ही लावाव्या.

आज मात्र एवढे करून पाहावे. फोनच्या सेटिंगमध्ये 'व्हीपीएन' हा शब्द शोधावा. तेथे आपण घेतल्याचे आठवत नाही असे एखादे नाव दिसले, तर ते कोणी आणि का बसविले याची घरात विचारपूस करावी. कचेरीचे नसेल आणि कोणासच ठाऊक नसेल, तर ते काढून टाकावे. अँड्रॉइडवर व्हीपीएन चालू असताना पडद्याच्या वरच्या कडेला बहुधा किल्लीचे लहानसे चिन्ह दिसते. लहान मुलांनी खेळाच्या नादात उतरवून घेतलेली फुकट ॲप पुष्कळदा याच किल्लीवरून सापडतात.